फोनमधल्या गयाबाई

मेसवरचं जेवण कसं असतं, असं विचारल्यावर 'चांगलं असतं' हे दोन शब्द गयाबाईंच्या तोंडून मी आठ वर्षांत एकदाही ऐकले नाहीत.

जून लागला की लातुरातली आमची गल्ली माणसांनी भरून जायची. नांदेड, कंधार, जळकोट, उदगीर, पार परभणीकडून आई-बाप लेकरांना घेऊन उतरायचे. हातात फाईल, काखेत पाण्याची बाटली, आणि चेहरे असे की कोर्टात तारीख आहे. आधी क्लास बघायचा, मग खोली, मग मेस. उन्हात फिरून फिरून बेजार झालेली ती माणसं गयाबाईंच्या दाराशी यायची आणि विचारायची, "मावशी, जेवण चांगलं असतंय ना?"

"बसा," गयाबाई म्हणायच्या. "खावा. मग तुमचं तुमी ठरवा."

"नाही, पण तुम्ही सांगा की."

"मी कसं सांगू? मीच करती की."

असं बोलून कुणी धंदा करतं का? पण त्यांचा चालला. बसलेला माणूस दोन भाकरी खाऊन उठायचा आणि लेकराचं नाव लिहून जायचा.

मी कोण म्हणाल तर मी त्यांची शेजारीण. मूळची नांदेडची. आमचे हे लातुरात नोकरीला होते, तिथंच घर बांधलं, आणि हे गेल्यावर वरच्या खोल्या मी क्लासच्या पोरींना द्यायला लागले. शिक्षण माझं सातवी. पोरी वाचून टाकतील ते वाचत गेले, त्यातनं ही लिहायची सवय लागली. बस, माझं एवढंच. पुढं गयाबाईंचं.

मेस म्हणजे नुसतं पत्र्याचं शेड होतं. लातूरचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्यालाच कळेल पत्र्याखाली चूल पेटवणं म्हणजे काय ते. एप्रिलात त्या शेडमध्ये उभं राहवत नसे. येणारा-जाणारा सांगायचा, गयाबाई, चार भिंती घाला, वर स्लॅब टाका. त्या मान हलवायच्या आणि काही करायच्या नाहीत. एकदा मी फारच मागं लागले तेव्हा म्हणाल्या, "पत्रा पडला तर मानूस उठून बसतंय, वैनी."

त्या किल्लारीच्या बाजूच्या होत्या, हे ठाऊक होतं. रस्त्यानं मोठा ट्रक गेला की हातातलं काम थांबवून चुलीवरच्या पातेल्यातल्या वरणाकडं बघायच्या. वरण हललं नाही की पुन्हा कामाला. निजायच्या अंगणात, बाजेवर. पावसात बाज पत्र्याखाली ओढायच्या, पण माझ्या घरात निजायला कधी आल्या नाहीत. भूकंप झाला तेव्हा मीही लातुरातच होते. आमच्या मांडणीवरची भांडी तेवढी पडली होती. ज्याच्या घरातली फक्त भांडी पडली त्यानं त्या बाजूच्या माणसाला काय विचारायचं? म्हणून मी काही विचारलं नाही. नवरा गेलेला दिसतच होता. लेकरांचं विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "एक मुलगी. शैला." आणि कणीक मळायला घेतली होती.

आता बघा माणसाचं मन कसं असतं. एवढ्या तीन शब्दांवर आम्ही गल्लीतल्या बायांनी त्या शैलाला मोठं केलं, लग्न लावलं, कुणी हैदराबादला दिली, कुणी सोलापूरला. येत का नाही, तर सासर कडक असेल. दिवाळीला फोन कसा नाही, तर जावई तसला असेल. सगळं आम्हीच ठरवलं. गयाबाईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

चेहऱ्यावरून त्यांचं काही कळायचं नाही. गॅस संपला, पाऊस आला, अमक्याची पोरगी पहिली आली, तीनही गोष्टी त्या एकाच आवाजात सांगायच्या. हसताना त्यांना मी पाहिलं नाही. चिडतानाही नाही. पण माणूस मात्र एकही नजरेतून सुटायचं नाही.

कसं, ते सांगते. दुपारचे डबे साडेदहाला क्लासकडं जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. प्रत्येकाच्या कडीला निराळ्या रंगाचा दोरा. घासायला टाकायच्या आधी गयाबाई एकेक डबा उघडून बघायच्या, डॉक्टर जीभ बघतो तशा. "भात खाल्ला, भाकर ठिवली. ह्याचं पोट बिगडलंय." "पुसून खाल्लंय, उद्यापास्नं एक भाकर वाढवायची." "तीन दिस झाले वरनाला हात न्हाई. ही पोर घाबरलीया." मग त्या आपला बटणांचा जुना फोन काढून पोरीच्या घरी लावायच्या.

"येऊन जावा एकदा."

"काय झालं मावशी? आजारी आहे का?"

"न्हाई. येऊन जावा."

जळकोटची एक पोरगी होती माझ्याकडं. तिचे वडील असाच फोन ऐकून सकाळच्या गाडीनं आले, तर पोरगी बॅग भरून बसलेली. कुठं जाणार होती तिलाच ठाऊक नव्हतं. क्लासमधल्या सरांना पत्ता नव्हता. त्यांच्यासमोर हॉलभर डोकी. गयाबाईंसमोर डबे. गावोगावच्या आयांचा त्यांच्यावर भरोसा होता तो असा, तोंडानं काही न सांगता बसलेला.

आणि म्हणूनच पुढं जे झालं ते झालं.

एके सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक तरुण माणूस आला. कष्टकरी बायांचे फोटो काढतोय म्हणाला. गयाबाई तेव्हा वरणाला फोडणी देत होत्या. लसूण आणि लाल मिरची. ज्याला त्या फोडणीचा ठसका लागला नाही त्याला नाकच नाही म्हणायचं. दोन्ही डोळ्यांत पाणी, पदर अर्धा तोंडावर, दुसऱ्या चुलीवरचं पातेलं उतू जातंय का म्हणून मान वळवलेली. तेवढ्यात त्यानं खटाखट चार फोटो काढले. मग आपला मोबाईल पुढं धरला. "मावशी, इथं बोटानं सही करा. परवानगी म्हणून."

"कशाला?" गयाबाईंनी विचारलं.

"अहो करा की," हे मी म्हटलं. "पेपरात येईल."

त्यांनी पीठ लागलेल्या बोटानं काचेवर आपलं नाव काढलं. काच पुसून तो गेला.

वर्षभरानं माझ्या वरच्या पोरी जिन्यावरून धावत खाली, गयाबाईंच्या शेडमध्ये आल्या. हसून हसून एकीला बोलता येईना. "मावशी, तुम्ही कोल्हापूरच्या कधीपासून झाल्या?" फोनमध्ये गयाबाई. तोच पदर, तेच पाणावलेले डोळे. खाली लिहिलेलं, ह्या तेलानं वीस वर्षांची गुडघेदुखी एकवीस दिवसांत गेली, आणि नाव कुणा शकुंतलाबाईंचं, गाव कोल्हापूर. आमच्या गयाबाईंना खांबाला धरल्याशिवाय उठता येत नव्हतं.

"तेल कसं हाय म्हने?" त्यांनी विचारलं.

"लई भारी. तुम्हीच सांगायलाव की मावशी!"

"मग मागवा येक बाटली."

ह्याला त्यांचा विनोद म्हणायचा की काय, मला कधी कळलं नाही. चेहरा तसाच. पोरी मात्र आठवडाभर त्यांना शकुंतलाबाई म्हणत होत्या. पण खरी गंमत पुढं. कोपऱ्यावरच्या टेलरची आई तणतणत आली. "गयाबाई, तुमच्या तोंडाकडं बघून घेतलं हो तेल मी! कवडीचा फरक नाही!"

"मी लावलं न्हाई ते."

"पण फोटो आहे की!"

"फोटो हाय," गयाबाई म्हणाल्या. आणि तव्यावर मीठ तापवून, फडक्यात बांधून, त्या बाईचे गुडघे शेकत बसल्या. स्वतःचे तसेच ठेवून.

नंतर बचत गटाच्या कसल्याशा कर्जाच्या जाहिरातीत त्यांचा फोटो आला. तिथं त्या विदर्भातल्या होत्या. गल्लीला सवय झाली. पोरी म्हणायच्या, मावशी आज कुठल्या?

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडून चालत दहा मिनिटांवर चार मजली इमारतीत नवा क्लास निघाला. फोनवर त्याची जाहिरात सुरू झाली. उघडलं की तीच. एका बाजूला गयाबाई, डोळ्यांत पाणी. दुसऱ्या बाजूला पांढरा कोट घातलेली, गळ्यात नळी अडकवलेली एक गोरीपान मुलगी. आणि मजकूर असा: 'मी साधी स्वयंपाक करणारी बाई. आज माझी मुलगी डॉक्टर आहे. सरांनी तिचं आयुष्य घडवलं.' खाली नाव नाही. नुसतं 'एक आई'.

कोल्हापूर खोटं होतं, शकुंतला खोटी होती, ते आम्हाला दिसत होतं. पण ह्यात खोटं काय शोधायचं? बाई स्वयंपाक करते, हे खरं. मुलगी एक आहे, हेही खरं. मी फोन घेऊन शेडमध्ये गेले. "पेढे कुठायत गयाबाई? एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवली होय!"

त्यांनी मला वाचायला लावलं. मी मोठ्यानं वाचलं. त्यांनी फोन हातात घेतला आणि त्या मुलीकडं बराच वेळ बघितलं.

"ही कोन?"

"तुमची शैला नाही का ही?"

"न्हाई." मग म्हणाल्या, "लई गोरी हाय," आणि फोन माझ्या हातात दिला. भाकरी करपत होती ती उलटली.

मला वाटलं, हेही तेलासारखंच. मी हसून म्हटलं, "बरं झालं, गुडघ्यांवरून डॉक्टरीवर तरी आलात." हे मी बोलले. बोलले ते लिहिलं पाहिजे.

त्याच महिन्यात वाघमारे आले. कंधारचे, एसटीत कंडक्टर. अंगावर खाकी, सोबत मुलगी अश्विनी, दहावीला बरे मार्क घेतलेली. खोली माझ्याकडं ठरली म्हणून जेवणाचं बघायला मी त्यांना शेडमध्ये नेलं. गयाबाईंना बघितलं आणि ते दारातच थांबले.

"जयभीम, माय. तुम्हीच ना त्या? डॉक्टरबाईंच्या आई?"

गयाबाई काही बोलल्या नाहीत. वाघमाऱ्यांना ते त्यांचं मोठेपण वाटलं. "रोज बघतो तुम्हाला. ड्युटीवर गाडी डेपोत लागली की फोन उघडला का तुम्ही. कोटवाली माणसं बोलतात त्यावर आपला भरोसा न्हाई. पण तुमच्या डोळ्यांतलं पाणी बघितलं आन् घरी मनलं, हे खोटं नसतंय. आपल्यासारखीच बाई हाय. पोरीला ह्याच क्लासला घालायचं." असं म्हणून ते पायाशी वाकले, आणि मुलीलाही वाकायला लावलं.

गयाबाईंनी पाय मागं घेतले. "बसा," म्हणाल्या. "खावा."

जेवून बाहेर पडताना वाघमाऱ्यांनी मला हळूच विचारलं, "यांचीच मुलगी ना हो ती?"

"मुलगी आहे त्यांना एक," मी म्हटलं. फोटोतली ती नव्हे, हे मला तोवर ठाऊक होतं. पण भरल्या पोटाच्या समाधानी माणसाला दारात कशाला अडवायचं, असं वाटलं.

ते गेल्यावर गयाबाईंना मी विचारलं, "का नाही सांगितलं त्यांना?"

"काय सांगू?"

"हेच, की जाहिरात खोटी आहे. मुलगी काही डॉक्टर नाही."

"मग इचारतील, काय करते."

मला त्याचा अर्थ कळला नाही. मी घरी येऊन कपडे वाळत घातले.

अश्विनी गुणाची पोरगी. पहाटे उठायची, बादली भरून ठेवायची, काकू काकू करत मागं-पुढं फिरायची. पहिली परीक्षा झाली आणि तिला मागच्या बॅचमध्ये टाकलं. पुढच्या बॅचला सर. मागच्यांना तळघरात भिंतीवर पडदा, पडद्यावर सर. तिथं हात वर केला तरी बघायला कुणी नाही. तिच्या डब्याला हिरवा दोरा होता. आधी भाकर परत यायला लागली. मग भात. मग एके दिवशी डबा जसा गेला तसा आला.

"वैनी," गयाबाई म्हणाल्या, "कंधारची पोर जेवंना झालीया."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच त्यांनी तिला शेडमध्ये बोलावून चुलीजवळ बसवलं. मी पलीकडं डाळ निवडत होते. गयाबाई भाकरी थापत होत्या. मग पोरगीच बोलली.

"मावशी, ताई पण मागच्या बॅचला होत्या का?"

गयाबाईंचा हात चालूच.

"पप्पा रोज फोनवर म्हणतात, त्या मावशीची मुलगी झाली, तर तू का नाही? तिच्या घरी तरी कोण शिकलेलं होतं? मग मी काय सांगू त्यांना? मावशी, एकदा मला त्यांच्याशी बोलायला लावा ना. दोनच मिनिटं. त्या कशा करत होत्या तेवढंच विचारते."

भाकरी परातीतच राहिली. तवा तापून धूर निघायला लागला तेव्हा गयाबाईंनी हात पुसला आणि तो खाली उतरवला.

"माझी शैला आकरा वर्साची हुती," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच. "भूकंपात गेली. मी जळकोटला भावाकडं गेलते, भावजय बाळंतीन हुती म्हनून. चल मनलं माझ्यासंगं, तर मनली गनपती उठल्यावर येते. बापाजवळ ठिवली. दोघं बी त्यातच. पाचवीला हुती. गनित येत न्हवतं तिला. साताचा पाडा आला की रडायची."

मग तवा परत चुलीवर ठेवला. "भाकर खा."

अश्विनीनं अर्धी भाकर खाल्ली. रडलं कुणीच नाही. डाळीत आता एकही खडा नव्हता, तरी मी निवडत राहिले. आठ वर्षं एका भिंतीला भिंत लागून राहिले मी त्या बाईच्या, आणि तिच्या मेलेल्या लेकरासाठी पेढे मागायला गेले होते. हे मनात आलं, आणि आलं तसं नुसतं बसून राहिलं. त्याचं काही झालं नाही.

गयाबाईंनी दुपारीच कंधारला फोन लावला. "येऊन जावा एकदा."

वाघमारे दुसऱ्या दिवशी ड्युटी बदलून आले. त्यांना गयाबाईंनी तेच सांगितलं, त्याच क्रमानं. अकरा वर्षं, जळकोट, भावजय, गणपती, साताचा पाडा. वाघमारे ऐकत होते.

"मग ते डोळ्यांतलं पाणी, माय?"

"फोडनीचं."

हसल्यासारखं काही तरी त्यांच्या तोंडावर आलं आणि गेलं. त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "माझंच चुकलं," म्हणाले. "मी बाईचा चेहरा बघितला. क्लास बघितलाच न्हाई."

"मी त्याच दिशी सांगाया पायजे हुतं."

"हाव," वाघमारे म्हणाले. खोटं कशाला बोलतील? "सांगाया पाहिजे होतं."

अश्विनीला ते घेऊन गेले. कंधारच्या कॉलेजात तिनं नाव घातलं. पुढं तिनं काय केलं ते मला ठाऊक नाही, आणि माझ्या मनानं मी आता कुणाचं काही ठरवत नाही.

गयाबाई मला म्हणाल्या, क्लासला चला. सरांची भेट झाली नाही. टाय लावलेले एक मॅनेजर होते, वयानं माझ्या मुलाएवढे, बोलायला गोड. "मावशी, फोटो आम्ही रीतसर विकत घेतलाय. वेबसाईट असतात तशा. 'खेड्यातली आई, भावुक' असं लिहिलं की शेकडो चेहरे येतात. त्यातला एक घ्यायचा. तुम्ही इथल्याच निघालात हा योगायोग. आणि तुमचं नाव कुठं टाकलंय आम्ही?"

"पन मुलगी टाकलीया."

"अहो, ती जाहिरात असते. लोकांना कळतं ते."

"कंडक्टरला कळलं न्हाई," गयाबाई म्हणाल्या.

मॅनेजरनं पाणी मागवलं. मग म्हणाले, दारावरचा फ्लेक्स बदलून टाकू. पण फोनवरचं लगेच थांबणार नाही, ते लोकांनी एकमेकांना पाठवलंय, कुठं कुठं गेलंय ते आता आमच्याही हातात नाही. आणि उठता उठता, आमच्या होस्टेलचे डबे तुम्हालाच देऊ की मावशी, काय?

"माझी चूल तेवढीच हाय," म्हणून गयाबाई उठल्या. टेबलाला धरून.

बाहेर दारावर त्यांचाच भला मोठा फ्लेक्स, माणसाच्या तिप्पट. त्याच्या सावलीत त्या थोडा वेळ थांबल्या. "वैनी, फोन कुठं कुठं जात आसंल?"

"सगळीकडं."

"पन मानूस येतंय ते ह्याच दारात न्हाई का."

दुसऱ्या दिवसापासून साडेदहाला डबे गेले की गयाबाई क्लासच्या दाराशी जाऊन बसायला लागल्या. वॉचमननं उठवलं, तर रस्ता ओलांडून रसवंतीच्या पायरीवर. फाईल हातात घेतलेलं जोडपं दिसलं की उठायच्या, समोर जाऊन उभ्या राहायच्या. "त्या फोटोतली बाई मी. माझी मुलगी डाक्टर न्हाई. आकरा वर्साची हुती. भूकंपात गेली. क्लास कसा हाय मला ठाऊक न्हाई. आत जावा, पोरं कुठं बसत्यात बघा, मागच्या बॅचच्या पोरांना इचारा, मग तुमचं तुमी ठरवा."

क्लास वाईट आहे, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मी सांगून बघितलं, दोन शब्द सरळ बोला की. तर म्हणाल्या, "मी कुठं शिकलेय तितं?"

लोक चांगलेच ऐकून घेत होते असं नाही. एक गृहस्थ म्हणाले, "समोरच्या क्लासवाल्यानं बसवलंय का हो तुम्हाला?" दुसऱ्यानं, भीक मागते समजून, सुट्टे पैसे पुढं केले. एक बाई तर फटकन बोलली, "गेलेल्या लेकराचं नाव असं रस्त्यावर घेता, मिळतं काय तुम्हाला?"

"काय न्हाई," गयाबाई म्हणाल्या.

काही माणसं माघारी फिरली. पुष्कळ आत गेली. गयाबाईंनी त्याचा हिशोब ठेवला नाही. दुपारी दोनला त्या उठायच्या आणि रात्रीच्या भाजीचं बघायच्या. मी एकदा विचारलं, एवढ्या वेळा सांगायचं, जड जात नाही का हो?

"जात हुतं," त्या म्हणाल्या. "आता हात बसला."

भाकरीबद्दल बोलावं तसं बोलल्या.

पुढच्या वर्षी माझ्या मुलानं मला नांदेडला बोलावून घेतलं. वरच्या खोल्या, खालचं घर, सगळं दुसऱ्याच्या हाती देऊन निघाले. सामान आधीच गेलं होतं. मी एक पिशवी घेऊन ऑटोत बसले आणि म्हटलं, क्लासवरून घे रे, बसस्टँडला जाताना.

गयाबाई पायरीवर होत्या. आणि समोर दारावर त्या नव्हत्या. फ्लेक्स बदलला होता. दुसरीच एक म्हातारी बाई, नाकात दोन्हीकडं फुल्या, डोक्यावरनं घेतलेलं लुगडं आपल्याकडचं नव्हे, कुठल्या तरी डोंगरातलं असावं. तोंडभर हसत होती. शेजारी तीच गोरी मुलगी, पांढरा कोट, तोच मजकूर.

"सुटलात की हो गयाबाई," मी म्हटलं. "चला, आता उन्हात बसायचं कारण नाही."

त्या वर त्या बाईकडं बघत होत्या.

"ही कुठली आसंल, वैनी?"

"कोण जाणे."

"हिला मुलगी आसंल का?"

मी जाते म्हटलं, त्यांनी मान हलवली. ऑटोवाला घाई करत होता. तेवढ्यात एक जोडपं आलं, मधे दोन वेण्यांची मुलगी. बापानं फोन काढला, फोनमधलं आणि फ्लेक्सवरचं ताडून बघितलं आणि समाधानानं बायकोला दाखवलं. गयाबाई पायरीला हात टेकून उठल्या आणि रस्ता ओलांडून त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. बापानं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग वर बघितलं. चेहरा जुळत नव्हता.

"तुम्ही कोण, मावशी?" त्यानं विचारलं.

रोजचं पहिलं वाक्य आता चालणार नव्हतं.

"ती बाई कोन हाय मला ठाऊक न्हाई," त्या म्हणाल्या. "पन तिच्या आदी तितं मी हुते."